गिरणगाव, गिरणीगाव आणि गिरगाव

प्रश्न असा आहे: शब्द ‘गिरणी’, मग कापडगिरण्यांच्या वस्तीचं नाव ‘गिरणगाव’ का, ‘गिरणीगाव’ का नाही? आणि हे गाव मुंबईत नेमकं कुठे?

‘गिरणगाव’च बरोबर. समासात पहिल्या पदाची शेवटची ‘ई’ मराठीत पुष्कळदा गळते. पाणी, पण पाणवठा. लोणी, पण लोणकढं. मात्र हा काही पक्का नियम नव्हे. ‘गिरणी कामगार’मध्ये ती ‘ई’ शाबूत आहे, १९२८ च्या गिरणी कामगार युनियनच्या नावातही. ‘गिरणकामगार’ कानाला खटकतंच. ‘गिरणगांव’ हे जुन्या वळणाचं लेखन. १९६२ च्या नियमांनंतर तो अनुस्वार गेला.

या नावाचं स्टेशन नाही, वॉर्डही नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, लोअर परळ, वरळी, शिवडी, नायगाव हा सगळा पट्टा मिळून गिरणगाव. हद्द मात्र ज्याची त्याची. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावरांनी स्थापली ती ताडदेवला, उत्पादन १८५६ पासून. गिरगाव अगदी वेगळं, चर्नी रोडजवळचं. मोबाइल मात्र ‘गिरणगाव’चं बिनदिक्कत ‘गिरगाव’ करू शकतो; छापण्याआधी तपासा.

विशिष्ट गिरणीचं नाव घेताना बोलण्यात बहुधा ‘मिल’ येतं: कमला मिल, खटाव मिल. धंदा सांगताना मात्र ‘गिरणीत कामाला’.

खरी गंमत गिरणीच्या आतल्या शब्दांत आहे. सूतकताईचं ते ‘त्रासन’ खातं. त्याचा त्रासाशी संबंध जोडू नका (कामात तो भरपूर असला तरी). कताईयंत्राच्या ‘थ्रॉसल’ या इंग्रजी नावाचं ते मराठी तोंडात बसलेलं रूप आहे. माग म्हणजे ‘साचा’, विणकर म्हणजे ‘साचेवाला’, त्यांचं ‘साचेखातं’. धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचा. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागायचा, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी दलितांना साचेखात्यात येऊ दिलं नाही. त्यांच्या वाट्याला मुख्यतः त्रासनच आलं, आणि मजुरी साचेखात्यात जास्त होती. जुन्या गिरणगावात कोणी ‘त्रासनमध्ये होतो’ म्हणाला, तर खात्याबरोबर कधीकधी जातही कळायची.