पूल फुगला, कठडा तुटला

प्रश्न : सांगलीच्या घाटावरून कृष्णेचे पात्र आणि आयर्विन पूल एकाच चित्रात यावेत म्हणून मी १८-५५ मिमी लेन्सने सात छायाचित्रे घेतली आणि ती संगणकावर ‘हगिन’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडली. परंतु आकाशात फिकट-गडद पट्टे उमटले, जवळचा लोखंडी कठडा जोडावर तुटला आणि सरळ पूल मधोमध फुगला. दोष कॅमेऱ्याचा की सॉफ्टवेअरचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोष दोहोंचाही नाही. पट्टे येतात ते कॅमेरा ऑटोवर असल्यामुळे, कारण सूर्याच्या बाजूला वळताच तो प्रकाश नव्याने मोजतो आणि ती फ्रेम गडद करतो. मॅन्युअल मोडवर छिद्र (अ‍ॅपर्चर), शटर आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) एकदाच ठरवावेत. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) व फोकसही मग बदलू देऊ नयेत. लेन्सवर चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर असल्यास तो काढून ठेवावा.

कठड्याचे कारण अधिक खोल आहे. एक डोळा मिटून बोट नाकासमोर धरा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल, कारण मान वळताना डोळा स्वतःही जागा सोडतो. कॅमेऱ्याचेही तसेच होते. हातात धरून आपण अंगासह वळलो की लेन्स वितीच्या अंतराने सहज सरकते. दूरच्या पुलाला ते जाणवत नाही, परंतु दोन हातांवरच्या कठड्याला जाणवते. ट्रायपॉडचा स्क्रू बसतो तोही कॅमेऱ्याच्या बुडाशी, लेन्सच्या मागे, त्यामुळे निव्वळ ट्रायपॉडने हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. ट्रायपॉडवर बसवलेल्या सरकत्या पट्टीवर कॅमेरा थोडा थोडा मागे घेत, जवळचा खांब आणि दूरचे झाड एका रेषेत धरून कॅमेरा दोन्हीकडे फिरवून पाहावा. ती रेष ज्या जागी मोडत नाही, तीच फिरवण्याची खरी जागा. कासच्या पठारावर फक्त दूरचे डोंगर टिपायचे असतील तर एवढा खटाटोप नको, पण पायाशी फुले घ्यायची असतील तर हवाच.

कॅमेरा उभा धरावा आणि लगतच्या फ्रेममध्ये सुमारे ३० टक्के भाग सामाईक ठेवावा. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर लेन्स ३५ मिमीला ठेवल्यास उभी फ्रेम साधारण २५ अंश व्यापते. म्हणजे १८० अंशांसाठी दहा फ्रेम लागतील.

पूल फुगला तो ‘सिलिंड्रिकल’ प्रक्षेपणामुळे, म्हणजे जोडलेले रुंद दृश्य नळकांड्यावर गुंडाळून मग सपाट उलगडण्याच्या पद्धतीमुळे. त्यात उभ्या रेषा सरळ राहतात, मात्र नजरेच्या पातळीहून वर असलेली आडवी रेष मधोमध उचलली जाते आणि खालच्या पायऱ्या खाली झुकतात. सरळ रेषा सरळच ठेवणारे ‘रेक्टिलिनियर’ प्रक्षेपण निवडल्यास पूल सरळ होईल, परंतु चित्र १०० अंशांपलीकडे रुंद असल्यास कडा फार ताणल्या जातात; तेव्हा थोडे कापून घ्यावे. हगिनने लाटांवर टाकलेले कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेममधली एकच जागा जुळवणारे बिंदू) हटवून ते पुलाच्या खांबांवर द्यावेत, कारण दोन फ्रेममधल्या अवधीत लाट जागेवर थांबत नाही.

हाताशी असलेल्या सात फ्रेममधूनच पूल सरळ होईल आणि एक्स्पोजर जुळवण्याची सोय वापरून पट्टेही बरेच फिके पडतील. कठड्यासाठी मात्र घाटावर पुन्हा जावे लागेल. पाणी उतरलेले असेल तर कठड्याच्या पलीकडे, दोन पायऱ्या खाली उभे राहावे, म्हणजे तो चित्रातच येणार नाही.