आजी म्हणते, त्या गढीत मी पाय ठेवणार नाही

"अक्का, मी मूळची लातूर जिल्ह्यातली, नोकरीला पुण्यात. फेब्रुवारीत लग्न आहे. आमच्याच गावची जुनी गढी मालकांनी नीटनेटकी करून आता लग्नकार्याला द्यायला सुरुवात केलीय. दोन दिवस अख्खी गढी फक्त आपली, दुसरं कुणी नाही. चौदा खोल्या, भाडं साडेचार लाख. आम्हा दोघांनाही ती फार आवडली. दीडशे माणसांत, गोंधळ न करता लग्न करायचंय. पप्पा निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, 'तीस वर्षं लोकांच्या मांडवात जेवलो, आता दीडशेच कशी बोलवू? फंक्शन हॉल घेऊ.' त्यांना मी समजावीन. पण आजी म्हणते, 'तुझा पणजोबा तिथं सालगडी होता. त्या गढीत मी पाय ठेवणार नाही.' मला उलट वाटतं, जिथं आपली माणसं राबली तिथंच मानानं लग्न केलं तर वाईट काय? ॲडव्हान्स पंधरा दिवसांत भरायचाय. माझं चुकतंय का?" – गढीच्या दारातली

पोरी,

आधी ॲडव्हान्सचं. भरू नकोस. पंधरा दिवसांची घाई मालकांना आहे. तिथी पुढंमागं करता येते.

तुझ्या पत्रात भाडं आणि खोल्या पहिल्या आल्या, पप्पांना एका 'समजावीन'मध्ये उडवलंस आणि आजी शेवटी आली. मी ते खालून वर वाचलं.

आमच्या गावातही गढी होती. बुरूज ढासळलेला, पण दरवाजा शाबूत. माझी तिची आठवण बाहेरचीच आहे. ढेलजेच्या, म्हणजे मोठ्या दरवाज्याच्या देवडीच्या, अलीकडं चपला काढायच्या आणि तिथूनच आरोळी द्यायची, हे कुणी शिकवत नव्हतं, मोठ्यांकडं बघून कळायचं. सारा तिथं भरायचा, तंटा तिथं तुटायचा, वेठीचं बोलावणं तिथून यायचं. धाड पडली की गावाला आत घ्यायचीही तीच, हेही खरं. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० ला हैदराबादचा कूळकायदा आला. गढ्यांचं पोट जमिनीवर होतं. जमिनी सुटत गेल्या तशी मालकांची पोरं शहरं धरायला लागली आणि गढ्या ओस पडल्या. मग लोकांनी तिथली पांढरी माती टोपल्यांनी आणून आपापल्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकली. माझ्या वडिलांनीही टाकली. आता मालकांचे नातू उरलेली गढी भाड्यानं देतात आणि सालगड्याची पणती पुण्याहून ती बघायला येते. मला याचं हसू येतं. राग नाही येत.

पण तुझी आजी सनावळी धरून बसलेली नाही. ती नवी नवरी म्हणून गावात आली, तेव्हा तिला गढीवर पाया पडायला नेलं असेल. कुठं उभं केलं? कोण काय बोललं? ओटी नीट भरली, की वरूनच पदरात टाकली? मला ठाऊक नाही आणि तुलाही ठाऊक नाही, कारण तू विचारलंच नाहीस. 'आजी, आता काळ बदलला' असं म्हणून मोकळी झाली असशील. मी तुझ्या वयाची असते तर मीही तेच म्हटलं असतं.

राबलो तिथंच मानानं उभं राहायचं, ही तुझी गोष्ट मला आवडली. पण हा मान कुणी मागितलाय? त्या दारात ताटकळलेलं तुमच्या घरात आता एकच माणूस उरलंय, आणि ते नको म्हणतंय. तू ते दार ताटकळून पाहिलेलं नाहीस. तू गेलीस ती सरळ आत, आणि मॅनेजरनं चहा दिला. तुझा दोष नाही यात. पण आजीच्या वतीनं तिचा अपमान धुऊन काढायचा अधिकारही तुझा नाही.

आता त्या 'फक्त आपली'कडं ये. शेतातल्या रिसॉर्टला हे चालतं, तिथं बाहेर उसाशिवाय कुणी नसतं. गढी गावाच्या मधोमध. हलगी वाजली की पोरं पळत येणार, आयाबाया डोक्यावर पदर घेऊन अक्षता टाकायला येणार. आणि करारात कलम असणार की बाहेरच्यांना प्रवेश नाही, दारावर काळ्या कपड्यातले दोन बाउन्सर. म्हणजे पणजोबांच्या गावासमोर तेच दार पुन्हा बंद, आणि यावेळी तुमच्या घरच्या पैशानं. हे आजीला आधीच दिसलं असेल. म्हातारी माणसं सगळं बोलून दाखवत नाहीत.

पप्पांचंही तेच. ज्या घरांनी त्यांना चूलबंद आवतण, म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं, दिलं, त्या घरांना 'फक्त दोघांनीच या' असं कार्ड ते कसल्या तोंडानं देतील? तुझ्यासाठी ती गर्दी असेल, त्यांच्यासाठी ते तीस वर्षांचं उसनं आहे, आणि फेडायला हे एकच लग्न. त्यांना समजावू नकोस, वाट काढ. आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात नाहीतर मारुतीसमोर गावजेवण घाला. वरणभात, पुरी, वांग्याची भाजी, बुंदी, एवढं पुरे. पंगतीत वाढायला पप्पा आणि तुम्ही दोघं. नवरामुलगा हातात बुंदीचं ताट घेऊन फिरला की गाव त्याला वर्षानुवर्षं विसरत नाही. दुसऱ्या दिवशी तुझी दीडशे माणसं. मात्र टाळी लागायच्या, म्हणजे लग्न लागायच्या, वेळी मोठं दार सताड उघडं, येईल त्याला अक्षता टाकू द्यायच्या. हे मालकांकडून लिहून घे. ते नाही म्हणाले तर विषय तिथंच संपला, आजीला त्रास द्यायचीही गरज नाही.

गढीचं जमलंच, तर आणखी काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. आपल्याकडं गढीला भिंती कमी आणि वारस जास्त. तुला भाडं सांगणारा नातू एकटाच मालक आहे असं धरू नकोस. ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढ, नावं मोज, सगळ्यांच्या सह्या घे. माझ्या माहितीतल्या एका घरी हळदीच्या सकाळी मालकाचा चुलतभाऊ कुलूप घेऊन दारात उभा राहिला होता. नवरीला हळद शेजारच्या अंगणात लागली.

लातूरच्या पोरीला किल्लारी सांगायला लागू नये, पण तुझा जन्म नंतरचा असणार. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं थकून झोपलेली. घात केला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि दरसाल मातीचा थर चढवून जड झालेल्या माळवदांनी. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत बांधलेले नव्हते, धक्का बसला तशी भिंत उभी फाकली. तुमची गढी त्यातून वाचली, पण आज उभी आहे म्हणून दीडशे माणसं झेलेल असं नाही, आणि नव्या रंगाखाली तडे दिसत नाहीत. मालकांकडं स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला माग. नसेल तर स्वतः इंजिनिअर ने. फोटोसाठी माळवदावर कुणी चढायचं नाही, फोटोग्राफरनंसुद्धा नाही. त्याला हे दोनदा सांग, ते लोक एकदा सांगून ऐकत नाहीत.

चौकात पेवं आहेत का, हे गावातल्या जुन्या माणसाला विचार. मालकाच्या नातवाला ते माहीत नसेल. धान्याचं पेव वरून बुजवलेलं दिसतं आणि खाली पोकळ असतं. त्यावर जनरेटरची गाडी किंवा पाण्याचा टँकर उभा केलात तर काय होईल ते सांगायला नको. पाणी आडाचं आहे म्हणाले तरी आड वाकून बघ. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा 'पाणी भरपूर आहे' हे वाक्य आपल्याकडं कुणाचंही मानायचं नाही. टँकर कुणाचा, पैसे कुणाचे, हे आधी ठरव. चौदा खोल्यांना संडास किती, हेही मोज. शालू नेसलेल्या बायका रांगेत उभ्या राहिल्या की कोरीव खांबांचं कौतुक दहा मिनिटांत संपतं.

मांडववाल्याला सागवानी खांबांत खिळा ठोकू देऊ नकोस. होम उघड्या चौकात, लाकडी तख्तपोशीखाली नाही. फटाके नाहीत. डीजे रात्री दहाला बंद, तो कायदा आहे, गढीत राहतो म्हणून सुटका नाही. 'दोन दिवस' म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आचारी आपला चालेल का, डिझेल आणि साफसफाई भाड्यात आहे का, अनामत कधी परत मिळणार, हे सगळं कागदावर घे.

आणि आभाळ. फेब्रुवारी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं उभी पिकं झोपवली होती. माझ्या भाचीच्या लग्नात, तेही मार्चमध्येच, अर्धा तास पाऊस झाला आणि काळ्या रानात लावलेली वऱ्हाडाची बस चाकाच्या वर रुतली. परण्याची, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीची, बाकी सगळी तयारी झालेली, घोडा तयार, वरमाई मात्र त्या बसमध्ये. ट्रॅक्टर आणेपर्यंत मुहूर्त टळला. दीडशे माणसं बसतील एवढी छताखालची जागा गढीत आहे का, आणि गाड्या मुरमाच्या जागेवर लागतील का, हे बघून ठेव.

पण हे सगळं नंतर. या शनिवारी गावी जा, आजीच्या शेजारी झोप, आणि तिला गढीचं विचार. लग्नाचं नाही. ती नवी नवरी होती तेव्हाचं विचार आणि मधे बोलू नकोस. सांगून झाल्यावर एकदाच म्हण, 'उद्या नुसती बघायला येतेस का माझ्याबरोबर? नाही आवडली तर लग्न तिथं नाही.' आणि हे खरं मनापासून म्हण, नाहीतर म्हणू नकोस.

नाही म्हणाली तर सोमवारी पप्पांच्या फंक्शन हॉलला फोन कर. तोंड पाडू नकोस, जेवण चांगलं ठेव.

हो म्हणाली तर मॅनेजर सांगेल, गाडी मागच्या दारानं घ्या, पार्किंग तिकडं आहे. ऐकू नकोस. मोठ्या दरवाज्यापाशीच उतरा. ढेलजेत ती थांबली तर तूही थांब, पुढं चल म्हणू नकोस. आणि चपला काढायला वाकली, तर तिचा हात धर.

– अक्का