'नोटा छापणे', 'करदात्यांचा पैसा' आणि टॅक्सपेयर चॉइस

प्रश्न असा आलाय की एका वादात कुणीतरी लिहिलं, 'सरकार नोटा छापूनच खर्च करतं, मग करदात्यांचा पैसा कसला?' आणि समोरच्याने उत्तर दिलं, 'पै न पै करदात्यांची आहे, ती कुठे जावी हे त्यांनाच ठरवू द्या.' विचारणाऱ्याला हवंय ते एवढंच की यातले शब्द बरोबर वापरलेत का, आणि टॅक्सपेयर चॉइसला, म्हणजे आपला कर कुठे खर्च व्हावा हे करदात्यानेच सांगायच्या कल्पनेला, मराठीत काय म्हणायचं.

आधी 'छापणे' घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मराठीत क्रियापदं खरं तर छान वेगवेगळी आहेत, नाणी पाडतात, नोटा छापतात आणि खात्यात रक्कम जमा करतात. वादात मात्र तिन्हीची मोट बांधून 'छापतात' म्हटलं जातं. आजच्या पैशातला बराच मोठा भाग छापलेला नाहीच, तो बँकांच्या ठेवींच्या रूपात आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवते आणि तेवढी ठेव त्याच क्षणी नव्याने तयार होते, ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या तिमाही अंकात हे अगदी सोप्या भाषेत मांडलं होतं. याला पतनिर्मिती म्हणतात, शब्द जुना आणि नेमका आहे. आता सरकारकडे येऊ. सरकारने रोखे विकून लोकांकडून किंवा संस्थांकडून पैसे उचलले तर ते कर्ज झालं, आणि तेच रोखे मध्यवर्ती बँकेने स्वतः नवा पैसा तयार करून घेतले तर ती चलननिर्मिती. 'तुटीचा अर्थभरणा' हा पाठ्यपुस्तकी शब्द काहीजण फक्त या दुसऱ्या प्रकारासाठी वापरतात, काहीजण दोन्हींसाठी, त्यामुळे तो वापरताना कुठला अर्थ धरलाय ते सांगून टाकावं. आणि 'छापूनच' मधला तो 'च' तर काढाच! सरकार कर घेतं, कर्ज काढतं आणि काही वेळा मध्यवर्ती बँकेचा आधारही घेतं, प्रमाण देशागणिक आणि काळागणिक बदलतं.

पण पहिल्या माणसाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अब्बा लर्नर या अर्थतज्ज्ञाने 1943 मध्ये असा मुद्दा मांडला की आपलं चलन स्वतः काढणारं सरकार कर लावतं ते तिजोरी भरायला नाही, तर लोकांच्या हातातली खर्चाची ताकद कमी करायला, म्हणजे महागाई भडकू नये म्हणून. हे पटो न पटो, पण यातून 'मग कर नकोतच' असं निघत नाही, उलट कर जास्तच गरजेचे ठरतात, आणि हे लर्नरच्या नावाने भांडणारे सोयीस्कर विसरतात. नुसत्या नोटांवर भागवलं तर काय होतं ते बघा, 1923 सालच्या जर्मनीत उत्पन्न आणि खर्चातलं भगदाड नोटांनी बुजवत गेले आणि शेवटी किंमतींना धरबंधच राहिला नाही.

'करदात्यांचा पैसा' हा प्रयोग व्याकरणाने ठीक आहे, अर्थाने थोडा फसवा. 'दाता' म्हटलं की देणगीदार डोळ्यापुढे येतो, आणि देणगीदार म्हणू शकतो की माझे पैसे अमुक कामालाच लावा. कर सक्तीचा असतो, त्याच्या बदल्यात ठरावीक वस्तू मिळेल असा करार नसतो. तसं ठरलेलं असतं तिथे शुल्क हा शब्द आहे. मराठीतली 'पट्टी' मात्र मजेशीर आहे, पाणीपट्टी म्हणजे पाण्यासाठी घेतलेली, आणि घरपट्टी घरासाठी नाही तर घरावर घेतलेली! तेव्हा सरकारला हिशेब विचारताना 'करदात्यांचा पैसा' जरूर म्हणा, तिथे तो शोभतो. पण माझा रुपया नेमका कुठल्या पुलात गेला हे सिद्ध करायला तो वापरू नका, एकदा सामायिक तिजोरीत पडलेली रक्कम ओळखता येत नाही.

आता टॅक्सपेयर चॉइस. 'करदात्याची निवड' नको, ते वाचून वाटतं की बिचाऱ्याची तपासणीसाठी निवड झाली. 'करदात्याची पसंती' बरं, आणि कायद्याच्या अंगाने लिहायचं असेल तर 'करविनियोगाचा निवडहक्क' चालेल, जड आहे पण दोन अर्थ निघत नाहीत. कल्पना हवेतली नाही, इटलीत 1985 च्या कायद्यामुळे प्राप्तिकरातला हजारी आठ हिस्सा सरकारला द्यायचा की कॅथलिक चर्चला की मान्यता असलेल्या दुसऱ्या एखाद्या धर्मसंस्थेला, हे करदाता विवरणपत्रात सांगू शकतो. कर एका पैशानेही कमी होत नाही, फक्त तेवढा तुकडा कुठे जावा ते ठरतं. आणि ज्यांनी काहीच खूण केली नाही त्यांचा हिस्साही खूण करणाऱ्यांच्या पसंतीच्या प्रमाणातच वाटला जातो, म्हणजे गप्प बसणाऱ्याची 'पसंती' दुसरेच भरतात, म्हणून तिथे निवड, पसंती, हक्क यातला कुठलाही शब्द पुरता बसत नाही. दुसऱ्या माणसाच्या 'पै न पै' ला तर हे उदाहरण मुळीच पुरं पडत नाही, उरलेल्यातल्या जवळजवळ सगळ्या कराचा निर्णय तिथेही संसदच घेते.