मुलांनी काय खावं हे सरकारनं का ठरवावं? ते आईबापांवर सोडता येणार नाही का?

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पोषण आहाराची नोंदवहीही माझ्याकडेच आहे, त्यामुळे रोज दुपारी ताटात काय पडतं आणि त्यातलं पोटात किती जातं, ते डोळ्यांसमोर असतं.

तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिला विचार आला तो हा, की कोणते आईबाप? दिवाळी झाली की आमच्या गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, ती थेट उन्हाळ्यात परततात. लेकरं आजीपाशी. आजीलाही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं असतं. ती सकाळी नातवाच्या हातावर 10 रुपये टेकवते आणि म्हणते, "खा काहीतरी." शाळेच्या वाटेवर दुकान आहे, दारात मसालेदार कुरकुऱ्यांच्या पुड्यांच्या माळा लटकवलेल्या. 5 रुपयांची एक, 5 रुपयांची दुसरी. पहिल्या तासाला मी गणिताच्या वह्या तपासते तेव्हा पानांच्या कडेला केशरी बोटं उमटलेली असतात. कोण काय खाऊन आलंय ते वहीच सांगते. आणि मग दुपारी तीच पोरं खिचडीत नुसता चमचा फिरवत बसतात.

त्या आजीला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही.

बंदीचा कागद आहेच. मे 2017 मध्ये आपल्या राज्यानं शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली. आमच्या शाळेला उपाहारगृहच नाही. 2020 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आला, की जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत. आमच्या फाटकापासून ते दुकान 40 पावलांवर आहे, मी चालून मोजलंय. बोलायला गेले, तर दुकानदार म्हणाले, "बाई, शेंगदाण्याची चिक्की ठेवून बघितली. महिनाभर बरणी तशीच." खोटं बोलत नव्हते ते, त्यांची स्वतःची मुलगी माझ्या वर्गात आहे. लहानपणीच जिभेला त्या मसाल्याची सवय लागली, की चिक्की मागे पडते. म्हणून मला वाटतं, नुसती बंदी घालून भागत नाही. शाळेत शिजणारं अन्न गरम, चवीचं आणि रोज मिळणारं असलं तरच ते त्या पुडीशी झुंजू शकतं. तेवढा खर्च आणि तेवढं सातत्य सरकारशिवाय कोण करणार?

मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा, 1995 च्या ऑगस्टमध्ये पोषण आहाराची ही केंद्राची योजना सुरू झाली. त्या काळी 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा. मी तो पिशवीतून घरी न्यायचे, आई तो डब्यातल्या तांदळात ओतायची आणि आम्ही घरातले सात जण खायचो. माझ्या वाट्याला त्यातलं किती आलं असेल? 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कोरडं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या, तेव्हा कुठे तो घास थेट मुलाच्या तोंडी पडायला लागला. तुमच्या प्रश्नाला माझ्या लेखी हेच उत्तर आहे. घरी दिलेलं वाटलं जातं, शाळेत वाढलेलं पोटात जातं.

आता अंड्याबद्दल, कारण तिथे माझा जीव अडकलाय. प्राथमिकच्या मुलाला दुपारच्या जेवणातून 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. कुणावर जबरदस्ती नव्हती, आमच्या वर्गातल्या चार जणी केळंच घ्यायच्या. अंड्याच्या दिवशी खिचडीची पातेली तळापर्यंत खरवडली जायची. स्वयंपाकाच्या मावशी अंडी सोलायला तासभर आधी यायच्या. जेवण वाढण्याआधी चव बघून मी वहीत सही करते, पण त्या दिवशी मुलंच माझ्याआधी पातेल्याभोवती गोळा व्हायची.

जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा निधी बंद झाला. अंडा पुलाव आणि खीर ऐच्छिक झाली, हवी असेल तर लोकसहभागातून करा म्हणाले. मे 2025 मध्ये प्राथमिकच्या एका मुलामागे धान्य सोडून बाकी साहित्याला दिवसाला 6 रुपये 78 पैसे धरले. त्यात डाळ, तेल, मसाला बसवायचा. एका अंड्यालाच जवळपास तेवढे लागतात, म्हणजे वेगळे पैसे आल्याशिवाय अंडं येत नाही. तामिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं देतात. तिथली मुलं आपल्यापेक्षा जास्त लाडकी आहेत असं मला वाटत नाही. तिथे एकामागून एक सरकारं आली तरी कुणी ते ताटातून काढलं नाही.

शहरातल्या, डबा घेऊन येणाऱ्या मुलांचं दुखणं वेगळं आहे. तिथे सीबीएसई या केंद्रीय शिक्षण मंडळानं 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर हे मुलांना दिसावं म्हणून. चांगलं आहे. पण वाचून निवडायला हातात निवड असावी लागते.

1 मेच्या ग्रामसभेत मी अंड्यांच्या वर्गणीचा विषय मांडला. तेव्हा तोडीची माणसं गावात परतलेली असतात. बऱ्याच जणांनी तिथेच पैसे लिहून दिले. मागे बसलेली एक आई मात्र उठून म्हणाली, "बाई, जूनपासून दिवाळीपर्यंतचे मी देते. पण दिवाळीनंतर मी कारखान्यावर असते, आणि पोराला खरी गरज तेव्हाच असते. तेव्हाचे कोण देणार?"