वाचकांचे प्रश्न : गोटी कशाने थांबते?

प्रश्न : सातवीच्या वर्गात 'ढकललेली वस्तू का थांबते?' असं विचारलं की सगळी मुलं म्हणतात, 'तिच्यातलं बळ संपतं.' आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. हे कसं समजावू?
– एक शिक्षिका, जि. परभणी

ताई, मुलांचं हे उत्तर लगेच खोडू नका. गॅलिलिओच्या आधी भलेभले विद्वानही जवळपास असंच मानत होते. त्यांचं म्हणणं फळ्यावर लिहून ठेवा आणि गोटीलाच उत्तर देऊ द्या.

वायरिंगवाल्याकडून केसिंग पट्टीचा अर्धा मीटर उरलेला तुकडा मागून आणा. गोटी मोकळी घरंगळेल एवढी ती रुंद हवी. एक टोक 2 सेंमी जाडीच्या पुस्तकावर टेकवा. उतार यापेक्षा वाढवला तर फरशीवर गोटी भिंतीलाच जाऊन धडकते आणि मोजायला काही उरत नाही. पट्टीवर वर एक खूण करा. गोटी दर वेळी तिथूनच सुटली पाहिजे, आणि तीही बोटाने नव्हे. बोट काढताना नकळत धक्का बसतो. गोटीपुढे मोजपट्टी आडवी धरा आणि ती सरळ वर उचला. पट्टीच्या खालच्या कडेवरून गोटी उडी मारते, म्हणून तिथे जाड कागद चिकटवून सांधा सपाट करा.

आता पुढे आधी गोणपाट, मग सतरंजी, शेवटी नुसती शहाबादी फरशी. कापडाला सुरकुती राहिली तर गोटी वळते, म्हणून ते ताणून कडांवर विटा ठेवा. प्रत्येक पृष्ठभागावर पाच वेळा गोटी सोडा, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान अंतर वगळा, उरलेल्या तिघांची सरासरी घ्या. गोटी सोडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. ही पायरी गाळली तर मुलं नुसती गंमत बघतात.

सगळ्यात जास्त घोटाळा फरशी करते. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून वर्गाला, ओसरीला उतार दिलेला असतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, गोटीला मात्र बरोबर कळतो. गोटी अलगद ठेवून पाहा. ती जिथे आपणहून हलत नाही, तीच जागा प्रयोगाची.

गोणपाटावर गोटी लवकर थांबते, फरशीवर कितीतरी लांब जाते. इथे विचारा : उतार तोच, गोटी तीच, मग तिच्यात भरलेलं 'बळ' तिन्हीकडे सारख्याच अंतरावर का नाही संपलं? वर्ग थोडा वेळ गप्प होतो, होऊ द्या. मग कुणीतरी म्हणतं, 'गोणपाटाने अडवलं.' घर्षण हा शब्द आता सांगा, आधी नको. पुढचा प्रश्न : अडवणारं काहीच नसेल तर? 'थांबणारच नाही' हे मुलाच्या तोंडून आलं, की न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला पहिला नियम वर्गात आला.

शब्दांचंही सांभाळा. बोलताना आपण 'अंगात जोर आहे' म्हणतो आणि 'जोर लावला' असंही म्हणतो. विज्ञानातलं बल हे लावलेल्या जोरासारखं आहे : लावलं तेवढा वेळ असतं, वस्तूत साठून राहत नाही. 'शक्ती' हा शब्द इथे वापरूच नका, पुस्तकात त्याचा अर्थ वेगळा आहे.

प्रश्न : एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. मुलगी विचारते, आपल्याला कोण ढकलतं?
– एक पालक, लातूर

रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला विचारलं, तर कुणीच नाही. ब्रेकने एसटीचा वेग कमी झाला, तुमचं अंग मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात राहिलं. यालाच जडत्व म्हणतात. खेळण्यातल्या ट्रकवर खोडरबर उभा ठेवा आणि ट्रक हळूहळू वेग वाढवत पुस्तकावर नेऊन आदळा. खोडरबर पुढे पडतो. तोच ट्रक थांबलेला असताना झटक्यात ओढा, आता तो मागे पडतो. आडवा ठेवलात तर घर्षणामुळे बहुधा जागचा हलणार नाही.

प्रश्न : एक न्यूटन म्हणजे नेमका किती जोर?
– इयत्ता आठवीतला वाचक, जि. बीड

पातळ पिशवीत 100 मिलि पाणी मोजून भर आणि ती एका बोटावर टांगून धर. बोट वर जो जोर लावतं, तो जवळजवळ एक न्यूटन. किलोभर ज्वारी हातात तोलून धरायला साधारण 10 न्यूटन लागतात.