इटालियन सर्वनामं: 'तिला' म्हणजे 'ला' की 'ले'?

प्रश्न: इंग्रजी पुस्तकावरून इटालियन शिकते आहे. 'मी तिला बघते' याला 'ला वेदो' आणि 'मी तिला फोन करते' याला 'ले तेलेफोनो'. दोन्हीकडे 'तिला'च, मग ओळखायचं कसं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: गोंधळ आपल्या 'ला' प्रत्ययामुळे होतो. मराठीत माणसाला बघा, बोलवा किंवा काही द्या, प्रत्यय तोच. इटालियनमध्ये थेट कर्म वेगळं: 'लो' (त्याला), 'ला' (तिला), अनेकवचनी 'लि' आणि 'ले'. अप्रत्यक्ष कर्म वेगळं: 'ल्यि' (त्याला), 'ले' (तिला), आणि बोलण्यात 'त्यांना'साठीही 'ल्यि'.

मराठी अर्थावरून ठरवायला जाऊ नका, फसाल. सर्वनामाच्या जागी नाव घालून वाक्य म्हणा. 'वेदो मारिया'मध्ये नावाआधी काही नाही, म्हणून 'ला वेदो'. 'तेलेफोनो आ मारिया'मध्ये 'आ' आला, म्हणून 'ले तेलेफोनो'. वहीत क्रियापद उतरवताना 'आ'सकटच उतरवा: तेलेफोनारे आ, रिस्पोंदेरे आ (उत्तर देणं), क्येदेरे आ (विचारणं). याउलट आपण 'तिची' वाट पाहतो, 'तिचे' आभार मानतो, 'तिला' मदत करतो. पण आस्पेत्तारे, रिंग्रात्स्यारे, आयुतारे ही तिन्ही इटालियनमध्ये थेट कर्म घेतात. या तिघांत चूक सहज होते.

'आवडणं' मात्र आपल्याला आयतं मिळतं. 'मि प्याचे' म्हणजे 'मला आवडतं', आणि 'मला पुस्तकं आवडतात'सारखंच 'मि प्याच्चोनो इ लिब्रि'. क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं. इथे इंग्रजी मध्ये आणलं की वाक्य बिघडलंच.

प्रश्न: 'मी तिला पाहिलं' याला 'लॉ विस्तो' लिहिलं, तर चूक दिली. का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: 'आवेरे' (जवळ असणं) या साहाय्यक क्रियापदाने होणाऱ्या भूतकाळात आधी लो, ला, लि, ले आलं की कृदंताचा, म्हणजे 'विस्तो'सारख्या रूपाचा, शेवट त्याप्रमाणे बदलतो. 'तिला' म्हणून 'लॉ विस्ता' ('ला' आणि 'ऑ' मिळून 'लॉ'), 'त्यांना' (पुरुष) म्हणून 'लि ऑ विस्ति'. 'मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला' हे आपण न शिकता बोलतो, तसंच हे. पण 'ला' लागला की मराठी क्रियापद 'पाहिलं'वर थांबतं आणि इटालियन थांबत नाही, म्हणून हात चुकतो. अप्रत्यक्ष सर्वनामाने मात्र शेवट बदलत नाही: 'ले ऑ तेलेफोनातो'. इथे 'तेलेफोनाता' लिहू नका.

प्रश्न: दोन सर्वनामं एकत्र आली तर क्रम काय?
– एक वाचक, बडोदा

उत्तर: मराठीत म्हणता तसाच: 'तिला ते देते'. आधी माणूस, मग वस्तू, शेवटी क्रियापद. फक्त 'ल्यि' किंवा 'ले' पुढच्या 'लो'ला चिकटून 'ल्येलो' होतं: 'ल्येलो दॉ'. त्याला की तिला, ते संदर्भावरून कळतं. मि, ति, चि, वि (मला, तुला, आम्हाला, तुम्हाला) यांचं मे, ते, चे, वे होतं: 'ते लो दॉ', म्हणजे 'तुला ते देते'.

क्रियापद मूळ रूपात असेल तर सर्वनाम त्याच्या शेपटीला जातं आणि शेवटचा 'ए' गळतो: 'फारे'चं 'फार्लो'. 'पॉस्सो फार्लो' आणि 'लो पॉस्सो फारे' दोन्ही बरोबर. 'पॉस्सो लो फारे' कधीच नाही. 'तू'ला आज्ञा देतानाही सर्वनाम मागेच चिकटतं: 'दाम्मि', म्हणजे 'मला दे'. आदरार्थी 'लेइ'ला (तुम्ही) मात्र ते क्रियापदाच्या आधी येतं: 'मि दिया'.