मंडळात एआर दाखवायचंय, पण 'असली-नकली' कसं ठरवायचं?

प्रश्न : मी फार्मसीला आहे. यंदा गणपतीत मंडळाला बेकायदा औषधांवर काहीतरी करायचंय. सर म्हणाले पोस्टर कोण वाचतंय, एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी) करा, म्हणजे मोबाइल स्ट्रिपवर धरला की स्क्रीनवर 'असली' नाहीतर 'नकली' येईल. जमेल का? खर्च फार येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल की, पण ते 'असली-नकली' काढून टाका बुवा. कॅमेऱ्याला छपाई दिसते, गोळीत काय भरलंय ते लॅबमध्येच कळतं, आणि तुमच्या स्क्रीनवर 'असली' वाचून कोणी घरची संशयास्पद गोळी बिनधास्त घेतली तर? क्यूआर आहे म्हणाल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर तो सक्तीचा झालाय खरा, पण खोटं खोकं छापणारा कोडही छापू शकतोच ना.

त्यापेक्षा लोकांना बघायला शिकवा. काल्पनिक नावाचं खोकं आणि स्ट्रिप बनवा, दोन्हीवर बॅच नंबर मुद्दाम वेगळे टाका. आधी लोकांना शोधू द्या, मग फोन धरल्यावर बॅच, एक्सपायरी, लायसन्स नंबर, लाल पट्टी एकेक करून उजळू द्या. लाल पट्टी म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे इतक्या जणांना माहीत नसतं की विचारू नका.

आणि बेकायदा म्हणजे नकलीच असं नाही हं. चिठ्ठीशिवाय ऑनलाइन मागवलेली गर्भपाताची गोळी नामांकित कंपनीची असली तरी ती विक्री बेकायदाच, जिममध्ये हातोहात मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही तेच, आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून खपवलेल्या ताकदीच्या चूर्णात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) सापडल्याची उदाहरणं आहेत. चूर्णाच्या पुडीवर फोन धरल्यावर हे दिसलं तर गर्दी तिथेच होणार, लिहून घ्या!

खर्चाचं म्हणाल तर माइंडएआर, एआर.जेएस ही एआर बनवायची साधनं फुकट आहेत, ब्राउझरमध्येच चालतात, ॲप नको. फक्त खऱ्या स्ट्रिपचा फॉइल वापरू नका, लायटिंगमध्ये तो चमकतो आणि कॅमेऱ्याला चित्र पकडता येत नाही, मॅट कार्डावर मोठी प्रिंट काढा. गर्दीत नेट हमखास झोपतं, तेव्हा मंडळाच्याच दोन-तीन टॅबलेटवर (मोठ्या स्क्रीनच्या) सगळं आधीच लोड करून ठेवा.

शेवटच्या स्क्रीनवर एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) टोल फ्री नंबर टाका, १८००-२२२-३६५, आणि त्याखाली ठळक लिहा की संशय आला तर औषध फेकू नका, खोकं आणि बिल दोन्ही जपून ठेवा, कारण तक्रार करताना बॅच नंबर आणि दुकानाचं नाव लागतं.